गादीवरून सोफ्यावर

19 सप्टेंबर 2021, अनंत चतुर्दशीचा रविवार. गणपती गेले होते, पाट रिकामा होता आणि विसर्जनानंतर घराला येते ती सुनसान कळा आली होती. ती घालवायला कुणीतरी टीव्ही लावला. ‘बिग बॉस मराठी’चं तिसरं पर्व सुरू होत होतं, महेश मांजरेकर एकेकाला मंचावर बोलावत होते. आत्या कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. आत्या माळकरी. टीव्हीशी तिचा संबंध बातम्या आणि पावसाचा अंदाज एवढाच. पण शिवलीला पाटील हे नाव कानावर पडलं आणि तिचा हात थांबला. कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

“हिचं कीर्तन मी मोबाइलवर ऐकते की! ही हितं कशाला गेली रे?”

मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. पुढे हाच प्रश्न दर वर्षी कुणा ना कुणाबद्दल पडत राहिला. प्रवचनकार, बाबा, माँ, पाद्री, नन, इमाम, सगळे कधी ना कधी रिअ‍ॅलिटी शोच्या दारात उभे राहिले आहेत. ते तिथे का जातात आणि वाहिनीला ते का हवे असतात, हे समजायला धर्मशास्त्र लागत नाही. हिशेबाची वही लागते.

पहिला प्रश्न असा: पैसे कोण कुणाला देतंय?

अमेरिकेत ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. तिथे सुरुवातीला मोठ्या वाहिन्या प्रस्थापित चर्चना फुकट वेळ देत असत. लोकसेवा म्हणून काही कार्यक्रम दाखवणं परवान्यासाठी गरजेचं होतं, त्यात हे खपून जायचं. 1960 मध्ये हे परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने सांगितलं की पैसे घेऊन दाखवलेला धार्मिक कार्यक्रमही लोकसेवेतच धरला जाईल. झालं! विकता येणारी गोष्ट फुकट कोण देईल? जुनी, सभ्य, थोडी कंटाळवाणी चर्च मागे पडली आणि ज्यांची पैसे मोजायची तयारी होती ते इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणारे ख्रिस्ती प्रचारक पडद्यावर आले. वेळेचे पैसे भरायचे तर प्रेक्षकांकडून देणगी हवी, देणगी हवी तर प्रेक्षकाला हलवून सोडायला हवं. 1987 मध्ये ओरल रॉबर्ट्स यांनी तर जाहीरच केलं की 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला वर बोलावून घेईल. पैसे जमले. जिम बेकर या दुसऱ्या बड्या टीव्ही-पाद्र्याला देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल 1989 मध्ये 45 वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे बरीच कमी झाली. पहिल्या लग्नाची त्यांची बायको, त्याच कार्यक्रमांत त्यांच्या शेजारी बसून गाणारी आणि रडणारी टॅमी फे, 2004 मध्ये ‘द सरिअल लाइफ’ या रिअ‍ॅलिटी शोमध्ये राहायला गेली. घरात तिच्यासोबत पॉर्नपटांतला एक प्रसिद्ध नट होता. ही निवड योगायोगाने होत नसते, त्याकडे पुढे येतोच.

आपल्याकडे 2000 च्या सुमारास आस्था, संस्कार या वाहिन्या आल्या आणि तोच व्यवहार सुरू झाला. अनेक महाराज आपला स्लॉट विकत घेतात. म्हणजे वाहिनी दुकानदार आणि महाराज गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला कोण दुखावतो? तिथे कॅमेरा महाराजांच्या चेहऱ्यावर आणि श्रोत्यांच्या ओल्या डोळ्यांवर फिरत राहतो, खाली आश्रमाचा खाते क्रमांक सरकत राहतो. मधे कुणी प्रश्न विचारत नाही, कुणी कात्री चालवत नाही.

रिअ‍ॅलिटी शोमध्ये हा व्यवहार उलटा होतो. वाहिनी महाराजांना पैसे देते. ज्याला पैसे मिळतात तो गिऱ्हाईक नसतो, तो माल असतो. गिऱ्हाईक म्हणजे साबण, मसाले आणि मोबाइल विकणारे जाहिरातदार, आणि त्यांना हवी असतात खिळून बसलेली माणसं. कात्री आता वाहिनीच्या हातात असते. बहुतेक धर्मगुरू नेमके इथे फसतात. त्यांना वाटतं आपल्याला मोठं व्यासपीठ मिळालं, आणि मिळालेला असतो एक सोफा.

कात्री काय करते ते जरा जवळून बघू. वारकरी कीर्तन उभं कसं राहतं? नारदाच्या गादीवर कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांची रांग, पखवाज, विणेकरी. एक अभंग निरूपणाला घ्यायचा, चरणाचरणाने उलगडत न्यायचा, प्रमाणं द्यायची, मधे एखादा दृष्टान्त पेरायचा. हा दृष्टान्त कधी कधी दहा मिनिटं कुठे चाललाय ते कळत नाही. सासू-सुना येतात, बैल येतो, एसटी चुकते, मांडव हसून लोटपोट होतो आणि मग एका वाक्यात तो अभंगाच्या चरणावर येऊन उभा राहतो. हसणारी बाई डोळ्याला पदर लावते. या कलेचा सगळा जीव दोन तास सलग बोलण्यात आहे.

रिअ‍ॅलिटी शोमध्ये चोवीस तासांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग निघतो. त्यातून जाहिराती वजा करा. तिथे दहा मिनिटांच्या दृष्टान्तातला बैल राहतो आणि अभंग जातो. या धंद्यात ‘फ्रँकनबाइट’ नावाचा एक शब्द आहे. माणूस वेगवेगळ्या वेळी जे बोलला त्याचे तुकडे जोडून एक सलग वाक्य तयार करायचं, वर दुसऱ्याच कुणाचा चेहरा दाखवायचा म्हणजे सांधा दिसत नाही. ज्याचं सगळं भांडवल शब्द, त्याच्यासाठी याहून वाईट जागा नाही. मग घरात गेलेला कीर्तनकार करतो काय? भांडी घासतो, कुणाच्या तरी भांडणात साक्षीदार होतो आणि ‘तुम्ही तर अध्यात्मातले, तुम्हीच सांगा’ या टोमण्याला उत्तर शोधतो.

आता वाहिनीच्या बाजूने बघू. अशा घरात भरती करताना माणसं शोधत नाहीत, ठिणगी शोधतात. शिवलीला पाटील ज्या पर्वात होत्या त्याच पर्वात तृप्ती देसाईही होत्या, शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी आंदोलन केलेल्या. टॅमी फेच्या घरात तो नट का होता, त्याचं उत्तरही हेच. धर्माचा माणूस सोवळ्यात येतो, आणि प्रेक्षक वाट बघतो ते सोवळं कधी फिटतं त्याची. साध्या माणसाचा तोल गेला तर एक भांडण होतं, संन्याशाचा तोल गेला तर आठवड्याचा प्रोमो होतो.

हे खोटं वाटत असेल तर दोन स्वामींची तुलना करा. नोव्हेंबर 2011 मध्ये हिंदी ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वात स्वामी अग्निवेश पाहुणे म्हणून तीन दिवस गेले. वेठबिगारांच्या सुटकेसाठी बंधुआ मुक्ती मोर्चा उभा करणारा माणूस, नुकताच अण्णा हजारेंच्या गटातून वादावादी करून बाहेर पडलेला. आपले विषय घरात न्यायचे असा त्यांचा विचार. ते तीन दिवस आज कुणाला आठवतात? आणि दहाव्या पर्वात, ऑक्टोबर 2016 मध्ये, सामान्य माणसांच्या कोट्यातून आत गेले ते स्वामी ओम. भगवी वस्त्रं, तोंडात शिव्या. रोज नवा तमाशा. जानेवारी 2017 मध्ये त्यांनी एका टास्कमध्ये दोन स्पर्धकांवर लघवी फेकली तेव्हा त्यांना हाकललं. तोवर पर्व जवळपास संपत आलं होतं. घराने कुणाला सांभाळलं हे कॅलेंडर सांगतं.

बरं, हाकलल्यावर तरी संपलं? छे! वृत्तवाहिन्यांनी त्यांना चर्चेला बोलावलं. ऑगस्ट 2017 मध्ये सरन्यायाधीशांच्या नेमणुकीला आव्हान देणारी याचिका त्यांनी केली, प्रसिद्धीसाठी केलेला उद्योग म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आणि त्यांच्या साथीदाराला 10 लाखांचा दंड ठोठावला, आणि त्याचीही बातमी झाली. पुढच्याच महिन्यात अखिल भारतीय आखाडा परिषदेने 14 ‘बनावट’ बाबांची यादी काढली. त्यात हे होते, राधे माँही होत्या. आणि 3 ऑक्टोबर 2020 ला चौदाव्या पर्वाच्या उद्घाटनाला घराला आशीर्वाद द्यायला कोण आलं? त्रिशूळ घेऊन राधे माँ. आखाड्यांनी मारलेला शिक्का वाहिनीच्या दृष्टीने आयता मथळा होता. कुणाला खरा म्हणायचं, कुणाला खोटा, यात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की खरेखोटेपणाचा इथल्या भरतीशी काही संबंध नसतो.

मग जाणाऱ्याला काय मिळतं? इथे दोन शब्द वेगळे ठेवले की बरंच स्पष्ट होतं: ओळख आणि श्रद्धा. ओळख म्हणजे रस्त्यात लोक वळून बघतात. श्रद्धा म्हणजे लोक तुमच्या शब्दावर आपला दिवस बेततात, लेकीच्या लग्नाची तारीख तुम्हाला विचारून ठरवतात, सप्त्याला वर्षभर आधी तुमची तारीख धरून ठेवतात. श्रद्धा जमवायला वीस वर्षं लागतात. रिअ‍ॅलिटी शो ती एका रात्रीत ओळखीत मोडून देतो. सोनं मोडून चिल्लर घ्यावी तसं. उलटा प्रवास, ओळखीकडून श्रद्धेकडे, जवळजवळ होत नाही.

म्हणून ज्याच्याकडे मोडायला फारसं सोनं नाही तो आत बिनधास्त राहतो. ज्याच्याकडे आहे तो दाराशी घुटमळतो. भागवतकथा सांगणारे अनिरुद्धाचार्य यांना ‘बिग बॉस’ची विचारणा झाली होती, त्यांनी स्पर्धक व्हायला नकार दिला, पण ऑक्टोबर 2024 मध्ये अठराव्या पर्वाच्या उद्घाटनाला पाहुणे म्हणून गेले, सलमान खानला गीता भेट दिली आणि परत आले. तेवढ्यानेही भक्त दुखावले आणि त्यांना माफी मागावी लागली. सर्वांत हुशार रामदेव बाबा. 2017 मध्ये भक्तिसंगीताच्या ‘ओम शांती ओम’ या स्पर्धेत ते थेट परीक्षकांच्याही वरच्या, महागुरूंच्या खुर्चीत बसले. रिअ‍ॅलिटी शोमध्ये तेवढी एकच खुर्ची गादीसारखी असते.

शिवलीला पाटील दुसऱ्याच आठवड्यात तब्येतीच्या कारणाने बाहेर पडल्या. वारकरी मंडळींकडून टीकेची झोड उठली होती, पुढे त्यांनी संप्रदायाची माफीही मागितली. टीकाकारांचा आधार तसा भक्कम आहे. तुकोबांनी कीर्तनकाराला घातलेले नियम फार कडक आहेत: जिथे कीर्तन कराल तिथे जेवू नका, कपाळी बुक्का लावून घेऊ नका, गळ्यात माळ घालून घेऊ नका, बैलाला दाणावैरणसुद्धा मागू नका. शेवटच्या चरणात तर पैसे घेणारा आणि देणारा, दोघांनाही नरकात धाडलंय.

आता हा अभंग आजच्या बिदागीशेजारी ठेवून बघा. तारखांची डायरी, मोठी गाडी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं कीर्तन, कमानीवर कीर्तनकाराचा फोटो विठोबापेक्षा मोठा. तिथे हा अभंग कुणी काढत नाही. एक तरुण मुलगी दोन आठवडे टीव्हीवर गेली की सगळ्यांना पाठ असल्यासारखा आठवतो. त्या शोमध्ये जाणं मलाही चुकीचं वाटलं, पण त्या टीकेचा बराच भाग तुकोबांचा नव्हता.

संपत्तीची लाज वाटतच नसेल तर काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. 9 ऑक्टोबर 2013 ला अमेरिकेत ऑक्सिजन वाहिनीवर ‘प्रीचर्स ऑफ एल. ए.’ सुरू झालं. लॉस एंजेलिस परिसरातले सहा पाद्री. त्यांत पॉप गायिका ग्रेस जोन्सचे भाऊ बिशप नोएल जोन्स, गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणारे डीट्रिक हॅडन, एकेकाळी स्केटबोर्डिंगमध्ये नाव कमावलेले जे हेझलिप. बंगले, गाड्या, कपाटं, बायकांची आपसातली धुसफूस. एका बिशपची कथा तर जुन्या मैत्रिणीशी लग्न करणार की नाही यावरच झुलत राहिली. बिशप रॉन गिब्सन यांनी सांगून टाकलं की फेरारी चालवायचा आणि मोठ्या घरात राहायचा मक्ता काही रॅप गायकांनीच घेतलेला नाही.

हे ऐकून आपल्याला हसू येतं, पण त्यामागे एक शिकवण आहे. तिला समृद्धीचं शुभवर्तमान म्हणतात. देवाला तुम्ही श्रीमंत झालेले हवे आहात, चर्चला दिलेला पैसा म्हणजे पेरलेलं बी, ते अनेक पटींनी उगवून येणार. ही शिकवण मानली की पाद्र्याची फेरारी हाच पुरावा. आपल्या बाबाला शोमध्ये गेल्यावर स्वतःच्या शिकवणीपासून ढळावं लागतं, कारण तो निदान तोंडाने तरी वैराग्य सांगतो. या पाद्र्यांना काहीच सोडावं लागलं नाही, कॅमेऱ्याने नुसता गॅरेजचा दरवाजा उघडला. डॅलसच्या प्रचंड चर्चचे टी. डी. जेक्स यांनी मात्र आपल्या व्यासपीठावरून या शोला फटकारलं. ते स्वतः काही झोपडीत राहत नाहीत, पण प्रवचन आणि गॅरेज वेगळं ठेवायचं भान त्यांना होतं म्हणायचं. शो दोन पर्वं चालला, त्याच्या डेट्रॉइट आणि अटलांटा अशा आवृत्त्याही निघाल्या.

एवढं सगळं उघडं दाखवलं म्हणजे पारदर्शक झालं, असं वाटण्याचा धोका इथे आहे. कपाट दिसतं, खतावणी दिसत नाही. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दर वर्षी जो माहिती-अर्ज करखात्याला द्यावा लागतो, त्यातून चर्चना सूट आहे. 2007 मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी सहा बड्या टीव्ही-पाद्र्यांकडे हिशेब मागितला. काहींनी दिला, काहींनी नाही, आणि जानेवारी 2011 मध्ये कुणालाही दंड न होता चौकशी मिटली. बूट किती जोड आहेत ते शोमध्ये मोजता येतं. ते कुणाच्या पैशातून आले हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

जाता जाता एक गंमत. या शोमधली सर्वांत ओळखीची खोली म्हणजे कन्फेशन रूम. मूळ कन्फेशन कॅथलिक चर्चमधलं: पापाची कबुली द्यायची, पाद्र्याने ती मरेपर्यंत पोटात ठेवायची. टीव्हीने खुर्ची तेवढी उचलली आणि गुप्तता टाकून दिली. धर्मगुरू तिथे जाऊन बसतो तेव्हा धर्माचंच एक जुनं भांडं, कल्हई काढून, त्याच्यापुढे ठेवलेलं असतं.

जाणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. ते म्हणतात, लोक जिथे आहेत तिथे जायला हवं. बरोबरच आहे. संत वाळवंटात नाचले, गाडगेबाबा तर गादीची वाट न बघता आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. जिथे गर्दी तिथे जाणं हा काही गुन्हा नव्हे. पण गाडगेबाबांच्या कीर्तनाला कात्री लावणारा कुणी नव्हता आणि कीर्तन कुठे संपवायचं ते तेच ठरवत.

मग असा शो होऊच शकत नाही का? होतो. मलेशियात 2010 मध्ये अ‍ॅस्ट्रो ओएसिस वाहिनीवर ‘इमाम मुदा’ म्हणजे तरुण इमाम नावाची स्पर्धा झाली. दहा तरुण, हातात फोन नाही, राहायला मशिदीचं आवार. कामं काय? कुराणपठण, उपदेश आणि अगदी सुरुवातीलाच बेवारस मृतदेहांना अंघोळ घालून त्यांचं दफन. प्रेक्षकांची मतं नाहीत. राष्ट्रीय मशिदीचे माजी मुख्य इमाम निकाल देणार. बक्षिसात मशिदीतली नोकरी, मदीनेत शिकायची शिष्यवृत्ती आणि हज. इमामाला जे काम आयुष्यभर करायचं आहे तेच तिथे दाखवलं गेलं, म्हणून कात्री फार आडवी आली नाही. सोनी मराठीने 2025 मध्ये ‘कोण होणार महाराष्ट्राचा लाडका कीर्तनकार’ आणलं, ते याच जातीचं. कीर्तनाला मार्क द्यावेत का हा वाद आहेच, आणि नावातल्या ‘लाडका’ शब्दावर मी अडखळतो, पण निदान तिथे कीर्तनकाराला कीर्तन करायला बोलावलं होतं.

इटलीच्या क्रिस्टिना स्कुचियाचं काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. 25 वर्षांची नन, काळा झगा आणि गळ्यात क्रूस. 2014 मध्ये ‘द व्हॉइस ऑफ इटली’त गायली, तिचा व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी बघितला, जूनमध्ये ती जिंकली आणि जिंकल्यावर मंचावरच तिने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणायला लावली. स्टुडिओतल्या काहींनी साथ दिली, काही बघत राहिले. तिचा आल्बम आला, तो तिने पोप फ्रान्सिसना भेट दिला. नोव्हेंबर 2022 मध्ये ती टीव्हीवर रंगीत कपड्यांत आली आणि म्हणाली की मी मठ सोडला, स्पेनमध्ये वेट्रेसचं काम करते. प्रसिद्धीने तिचा मठ सुटला की मठात नसलेलं काही तिला त्या मंचावर सापडलं? मुलाखतीत ती मोकळेपणाने हसत होती, एवढं खरं.

आत्या पुन्हा शिवलीलाताईंची कीर्तनं ऐकते. “चुकली, माफी मागितली, झालं की,” हा तिचा निकाल. परवा दुपारी मी शेजारी बसलो होतो. अभंगाचा दुसरा चरण उलगडत आला होता, टाळ चढले होते, तेवढ्यात कीर्तन तुटलं आणि ऑनलाइन रमीच्या जाहिरातीतला नट दात काढत आला. आत्याने मोबाइल लांब धरला, चष्मा खाली ओढला.

“ह्यो कोण मधेच? आन् ह्येला घालवायचं कुठनं दाबायचं असतं रे?”